शंखी गोगलगाय: पंचनाम्याच्या आधीचे वीस दिवस

मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की लातूर, बीड आणि धाराशिव पट्ट्यातल्या सोयाबीन उत्पादकापुढे आता दोन प्रश्न असतात. पेरणी कधी करायची, हा जुना प्रश्न. यंदा गोगलगाय किती निघणार, हा नवा. २०२२ च्या खरिपापर्यंत हा दुसरा प्रश्न फारसा कोणी गंभीरपणे घेत नव्हता. बांधाकडेच्या चार ओळी गेल्या तर गेल्या, असे म्हणून पुढे जायचे. त्या वर्षी जुलैत पावसाने उघडीपच दिली नाही आणि दोन पानांवर आलेले सोयाबीन रातोरात जमिनीलगत कुरतडले गेले. अनेकांनी दुबार पेरली, काहींचे तेही पीक गेले.

त्या हंगामात या तीन जिल्ह्यांतील शंखी गोगलगायीच्या नुकसानीसाठी राज्य शासनाने मदत दिली. बाधित क्षेत्र सुमारे ७२ हजार ४९१ हेक्टर आणि रक्कम सुमारे ९८ कोटी ५८ लाख रुपये. कोरडवाहूला हेक्टरी १३ हजार ६०० रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेत. एकरात मोजले तर हे ५ हजार ४४० रुपये होतात. बियाण्याची दुसरी बॅग, पुन्हा खत, तिफणीचे किंवा ट्रॅक्टरचे भाडे आणि मजुरी यांची बेरीज तुम्ही स्वतः करून पाहा. पण खरा तोटा त्या बेरजेत येतच नाही. तो आहे गेलेल्या दिवसांचा. सोयाबीनची पेरणी साधारण १५ जुलैपर्यंतच करावी, अशी शिफारस आहे. जूनच्या शेवटी पेरलेले पीक जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गोगलगायीने खाल्ले, तर दुबार पेरणीला चार-पाच दिवसच हातात उरतात, आणि त्यातही वाफसा मिळाला तर. ती वेळ टळली की तूर, सूर्यफूल, बाजरी याकडे वळावे लागते.

एवढी मोठी रक्कम नुकसान झाल्यावर खर्च झाली. तिचा छोटासा भाग जरी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गावागावांत गोगलगायी वेचण्याच्या मजुरीवर खर्च झाला असता, तर बाधित क्षेत्र बरेच कमी राहिले असते, असे आमचे मत आहे. ते का, हे किडीच्या सवयी पाहिल्या की लक्षात येते.

ही गोगलगाय इथली नाही

शास्त्रीय नाव अचेटिना फुलिका. मूळ घर पूर्व आफ्रिका. तिथून ती मादागास्कर, मॉरिशस अशी बेटाबेटाने सरकली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या गोगलगायी कोलकात्यातल्या एका बागेत सोडल्या आणि भारतात तिचे बस्तान बसले. पुढचा प्रवास माणसांनीच घडवला. रोपवाटिकेतल्या पिशव्या, शेणखत, दगड, ट्रॅक्टरच्या चाकाचा चिखल. स्वतःच्या पोटावर चालून ती एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेली नाही, हे लक्षात ठेवा. तुमच्या शिवारात ती अजून नसेल, तर बाहेरून येणारे शेणखत आणि रोपे शेतात उतरवण्याआधी एकदा पालथी करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मराठवाड्याची जमीन तिला का मानवली? शंख वाढवायला तिला चुना लागतो आणि आपली काळी, चुनखडीयुक्त जमीन तो भरपूर पुरवते. दुसरे कारण म्हणजे ओलावा. उन्हाळ्यात ठिबकवरचा ऊस, पपई, मोसंबीची बाग, उसाचे पाचट, दगडी बांध, विहिरीची काठाळी, शेणखताच्या ढिगाची कडा अशा जागी ती जमिनीत शिरते, शंखाच्या तोंडाला पांढरट पापुद्र्याचे झाकण लावून घेते आणि पावसाची वाट पाहत महिनोन् महिने पडून राहते. म्हणून सोयाबीनचे नुकसान बघायला गेलात तर आधी शेजारच्या उसाकडे बघा. सुरुवात बहुधा तिकडून झालेली असते.

पाऊस पडला की झाकण उघडते. बाहेर आल्यावर ती खाते, जोडी जमते आणि मग अंडी घालते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही इंद्रिये असतात, त्यामुळे जोडीतली दोघेही अंडी घालू शकतात. एका वेळी शंभर-दोनशे अंडी, साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी, भुसभुशीत ओल्या मातीत किंवा पालापाचोळ्याखाली. साधारण एक-दोन आठवड्यांत पिले बाहेर पडतात. आयुष्य तीन ते पाच वर्षांचे.

आता हिशेब मांडा. शंभर अंड्यांतली नव्वद वाया गेली आणि दहाच पिले जगली असे धरले, तरी जूनमध्ये वेचलेली एक मोठी गोगलगाय म्हणजे जुलैत न वेचाव्या लागणाऱ्या दहा लहान गोगलगायी. आणि लहान गोगलगायी वेचणे किती अवघड असते, हे ज्याने चिखलात वाकून वेचल्या आहेत त्याला विचारा. पहिल्या दमदार पावसापासूनचे पंधरा-वीस दिवस हाच खरा मोसम आहे. त्यानंतर जे करता ते नुकसान कमी करणे असते, बंदोबस्त नव्हे.

एकट्याचे काम नाही

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात हीच गोगलगाय २०११ मध्ये मायामी परिसरात सापडली. तिथल्या सरकारने घरोघर शोध, शिकाऱ्याला लावतात तसे वास घेणारे प्रशिक्षित कुत्रे, वेचणी आणि औषध असे सगळे लावले. सुमारे १ लाख ६८ हजार गोगलगायी गोळा झाल्या आणि २०२१ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, ती त्या भागातून संपल्याचे जाहीर झाले. पुढच्याच वर्षी ती राज्यात दुसऱ्या ठिकाणी निघाली! आपल्याकडे तेवढा पैसा आणि यंत्रणा नाही, आणि समूळ उच्चाटनाची भाषा करण्यातही अर्थ नाही. पण त्यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे: शोध सलग भागात झाला, मालकी हक्काच्या हद्दी बघून नाही.

तुम्ही तुमच्या दोन एकरांतून गोगलगायी वेचल्या आणि बांधापलीकडच्या उसात त्या तशाच राहिल्या, तर आठवड्याने परिस्थिती जैसे थे. म्हणून पहिल्या पावसानंतरची वेचणी शिवाराच्या हिशेबाने करा. एका ओढ्याच्या किंवा पाणंदीच्या दोन्ही बाजूंचे आठ-दहा शेतकरी एकाच संध्याकाळी निघाले, तर निम्मे काम झाले. कृषी सहायकांनी आणि कृषी मित्रांनी गावबैठक मेच्या अखेरीस घ्यावी. जुलैत घेतलेल्या बैठकीत फक्त तक्रारी ऐकायला मिळतात.

वेचणी सूर्यास्तानंतर किंवा भल्या पहाटे करा. दिवसा त्या सापडत नाहीत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत आणि शेतात ठिकठिकाणी अंथरा, सकाळी उचलून खाली जमलेल्या गोगलगायी गोळा करा. पपईची पाने, कोबीचा पाला यांचे छोटे ढीगही चालतात. हातात मोजे घाला, निदान प्लॅस्टिकची पिशवी तरी. या गोगलगायीच्या अंगात उंदरांकडून येणारा एक सूत जंत असू शकतो, तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. लहान मुलांना वेचायला लावू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा. शेतातला भाजीपालाही नीट धुऊनच खा.

गोळा केलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवून मारा आणि खड्ड्यात चुना टाकून पुरा. रस्त्यावर किंवा ओढ्यात फेकलेल्या जिवंत गोगलगायी पुन्हा कोणाच्या तरी शेतात जातात. मीठ मात्र बादलीपुरतेच ठेवा. शेतात मीठ पसरणारे काही जण आहेत. गोगलगाय मरते हे खरे, पण जमीनही बिघडते. चुन्याची भुकटी किंवा राखेचा चार बोटे रुंद पट्टा बांधालगत ओढला तर अडसर होतो, पण पहिल्या जोराच्या सरीत तो वाहून जातो आणि पुन्हा ओढावा लागतो.

औषधाबद्दल दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात

पहिली. गूळ, कोंडा आणि मिथोमिल यांचे आमिष करण्याचा सल्ला असलेली जुनी माहितीपत्रके अजूनही मोबाइलवर फिरत आहेत. मिथोमिलवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली आहे. कोणाकडे जुना डबा पडला असेल तरी तो वापरू नका. गुळाचा वास आणि विष एकत्र आले, की गोगलगायीआधी कुत्रे, वासरू किंवा पोर तिथे पोहोचते. विस्तार कार्यकर्त्यांनी आपल्या गटावर तसे माहितीपत्रक आले तर ते खोडून काढावे.

दुसरी गोष्ट मेटाल्डिहाइड २.५ टक्के गोळ्यांची. शिफारस एकरी साधारण दोन किलोची आहे, बांधाकडेने आणि प्रादुर्भावाच्या जागी थोड्या थोड्या अंतरावर टाकण्याची. लेबलवरची मात्रा वाचूनच वापरा. हे औषध गोगलगायीच्या अंगातला चिकट स्राव बाहेर काढून तिला कोरडे पाडते. म्हणजे गोळी खाल्ल्यावर लगेच पाऊस आला, तर ओलावा शोषून अर्धमेली गोगलगाय पुन्हा सावरते. "औषध टाकले पण फरकच पडला नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हे कारण असते. रात्रभर उघडीप राहील असा अंदाज असेल त्या संध्याकाळी गोळ्या टाका आणि सकाळी सुस्त पडलेल्या गोगलगायी लगोलग वेचून घ्या. या गोळ्या कुत्रे, कोंबड्या आणि जनावरांनाही विषारी आहेत, त्यावर नेमका उतारा नाही. दोन-तीन दिवस त्या भागात जनावरे सोडू नका आणि बदके सोडायचा विचार असेल तर गोळ्या विसरा.

नैसर्गिक शत्रूंचे काय? भारद्वाज पक्षी मोठ्या गोगलगायी फोडून खातो, काजव्यांच्या अळ्या लहान गोगलगायींवर जगतात. बांधावरची झाडे सगळी तोडून टाकली तर हे दोघेही जातात. मात्र बाहेरून शिकारी आणण्याच्या कल्पनेपासून लांब राहिलेले बरे. हवाई बेटांवर १९५५ मध्ये याच गोगलगायीसाठी गोगलगायी खाणारी एक परदेशी गोगलगाय सोडली गेली. तिने तिथल्या स्थानिक जातीच खाऊन संपवत आणल्या.

सगळ्याच गोगलगायी शत्रू नव्हेत, हेही यानिमित्ताने सांगायला हवे. पन्हाळी, धबधब्यांच्या ओल्या कातळांवर शेवाळ खाऊन राहणाऱ्या सह्याद्रीतल्या छोट्या गोगलगायी जगात दुसरीकडे नाहीत, त्यांचे जवळचे नातेवाईक समुद्रकिनाऱ्यावर राहतात. त्या पिकाला हात लावत नाहीत. ओढ्या-तळ्यांतल्या गोगलगायी पीक खात नसल्या, तरी त्यांच्याकडे पशुपालकांनी लक्ष द्यावे. डबक्यातल्या काही छोट्या गोगलगायींच्या शरीरात यकृतातल्या चपट्या जंताची वाढ होते आणि पाणथळीतल्या गवतावरून तो म्हशी-गाईंच्या पोटात जातो. जनावर खंगत चालले, हगवण थांबत नाही, जबड्याखाली पाणी साठते अशी लक्षणे असतील तर पशुवैद्यकाकडून शेण तपासून घ्या. पावसाळ्यात तळ्याकाठचे गवत कापून आणले तर ते वाळवून घालावे.

नुकसान झालेच तर

राष्ट्रीय आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीत कीड-प्रादुर्भाव ही आपत्ती आहे, पण मदतीसाठी नुकसान किमान ३३ टक्के असावे लागते. गोगलगायीचे नुकसान शेतभर सारखे नसते. उसाच्या बाजूची पंधरा तासे पूर्ण रिकामी आणि मधले पीक शाबूत, असे चित्र असते. शिवाय रोप मुळापासूनच गेल्यामुळे पुरावाच उरत नाही. तुम्ही घाईने दुबार पेरले की शेत हिरवे दिसते आणि पंचनाम्याला आलेला माणूस काहीच न पाहता परत जातो.

पीक विम्याची बाजू तर आणखी लंगडी आहे. स्थानिक आपत्तीच्या यादीत कीड आधीही नव्हती. २०२५ च्या खरिपापासून राज्याने एक रुपयातला विमा बंद केला, शेतकऱ्याला पुन्हा दोन टक्के हप्ता आला आणि भरपाई मंडळाच्या सरासरी उत्पादनावर, पीक कापणी प्रयोगाच्या आधारे ठरू लागली. एका मंडळात चार गावांच्या उसालगतच्या शेतांत गोगलगायीने थैमान घातले आणि उरलेल्या गावांत पीक चांगले आले, तर सरासरीत ती चार गावे दिसणारच नाहीत. २०२२ सारखे सरसकट नुकसान असले तरच विमा बोलेल. गोगलगायीचे नुकसान ठिपक्याठिपक्यांत असते आणि मोजमाप मंडळाचे, ही विसंगती विस्तार कार्यकर्त्यांनी तालुका पातळीवर लेखी मांडत राहणे गरजेचे आहे.

म्हणून नांगर किंवा तिफण पुन्हा शेतात घालण्याआधी एवढे करा. रिकाम्या ओळींचे आणि गोगलगायींचे फोटो काढा, त्यात तारीख आणि ठिकाण दिसेल अशी सोय मोबाइलवर असते. गट नंबर आणि अंदाजे बाधित क्षेत्र लिहून तलाठी आणि कृषी सहायकांकडे अर्ज द्या, पोच घ्या. ई-पीक पाहणीत पेरलेल्या पिकाची नोंद राहिली असेल तर ती आधी पूर्ण करा. दुबार बियाण्याची पावती जपून ठेवा. शेजाऱ्यांचे अर्जही त्याच दिवशी गेले तर पंचनामा शिवाराचा म्हणून होतो, एकट्याचा म्हणून मागे पडत नाही.