एक बिट घोड्याच्या तोंडातला

आपल्या कॉलेजात कुणालाही विचारा, 'बिट म्हणजे काय?' कॉम्प्युटरवाला म्हणेल, शून्य नाहीतर एक. मेकॅनिकलवाला म्हणेल, ड्रिलचा बिट. मीही यातलंच काहीतरी सांगितलं असतं. पण गेल्या लग्नसराईत आमच्या केडगावात मित्राच्या भावाची वरात होती आणि तिथे मला तिसराच बिट भेटला. घोडीच्या तोंडातला, लगामाचा लोखंडी बिट!

डीजे दणाणत होता, आम्ही नाचत होतो. घोडी मान वर ताणून जागच्या जागी थयथयाट करत होती. सगळे म्हणत होते, काय भारी नाचते! मी जवळ गेलो तर तोंडाच्या फेसात लाल रेघ. म्हटलं, "मामा, रक्त येतंय हो." घोडीवाले मामा शांतपणे म्हणाले, "बाळा, वर नवरदेव बसलाय. ही उधळली तर आवरणार कोण? गाडीला ब्रेक नको का?"

प्रश्न बिनतोड वाटला. पण वरात संपल्यावर त्यांनी बिट काढून दाखवला तेव्हा अंगावर काटा आला. तोंडातल्या दांडीलाच काटे होते.

मित्रांनो, घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या दातांमधे एक मोकळी जागा असते. बिट बसतो तो तिथे. तिथे हाडावर फक्त पातळ कातडी असते आणि शेजारी जीभ. एफईच्या मेकॅनिक्समधला फ्री बॉडी डायग्राम आठवा. (केटी लागली असेल तरी आठवा!) काही बिटांना दोन्ही बाजूंना उभ्या दांड्या असतात. वरच्या टोकाला हनुवटीखालची साखळी, खालच्या टोकाला लगामाच्या दोऱ्या आणि मधे तोंडातली दांडी. म्हणजे सरळसरळ तरफ. वरचा भाग ५ सेंमी आणि खालचा १५ सेंमी धरला, तर हातातल्या २ किलोच्या ओढीने साखळीत ६ किलोचा ताण येतो आणि तोंडातल्या दांडीचा जबड्यावर ८ किलोचा जोर पडतो. हे साध्या गुळगुळीत दांडीचं गणित. काटा असेल तर तोच जोर टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर! प्रेशर म्हणजे फोर्स भागिले एरिया, हे तर दहावीतच शिकलोय.

आता चालीबद्दल. मामांची घोडी रवाल चालीची. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांत ही चाल दिसते आणि सारंगखेड्याच्या बाजारात रवाल घोड्याचा भाव काही औरच. दुडकीत समोरासमोरच्या तिरप्या पायांची जोडी एकदम पडते, म्हणून बसणारा उडतो. रवालमधे चारही पाय वेगवेगळे पडतात, टप-टप-टप-टप, म्हणून पाठ जवळजवळ हलत नाही. मामांच्या भाषेत, "पाण्याचा पेला घेऊन बस, सांडला तर सांग."

बऱ्याच जणांचं म्हणणं असं की कडक बिटाने मान वर ताणली की रवाल सुटते. मला हे पटत नाही. चाल रक्तातच असते. २०१२ साली 'नेचर'मधे आइसलँडच्या घोड्यांवर संशोधन आलं होतं. डीएमआरटी-३ या एका जनुकातल्या बदलाचा अशा जादा चालींशी संबंध आहे, असं त्यात दिसलं. शिकवण्याने चाल सुधारते, पण तोंड दुखवून ती घालता येत नाही. उलट तोंड दुखलं की घोडा मान उचलतो, पाठ खाली दबते आणि चालीची लय बिघडते.

याचा पुरावा खुद्द मामांनीच दिला! दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गोठ्यावर गेलो. मामा घोडीला पाण्यावर घेऊन निघाले होते. वर बसलेले, आणि घोडीच्या तोंडात काहीच नाही. नुसती दोरीची म्होरकी! घोडी झकास रवाल चालत होती. मी विचारलं, "मामा, आज ब्रेक नाही?" हसले आणि म्हणाले, "ही माझी आवाजावर थांबते रे."

मग ब्रेक नक्की कुठे आहे? तीन-चारशे किलोचं जनावर मनगटाच्या जोरावर कोण थांबवणार? घाबरलेल्या घोड्याला वेदना दिली तर तो आणखीच पळतो. ब्रेक असतो शिकवणीत. मेंढरं घेऊन नगर जिल्ह्यातून जाणारे धनगर बघा. सगळा संसार तट्टावर लादलेला आणि पुढे दोरी धरून एखादी पोर चाललेली असते.

म्हणजे बिट फेकून द्यायचे का? तसंही नाही. बिनबिटाच्या साजातही प्रकार आहेत. साधी म्होरकी किंवा नाकपट्टी चांगली, पण मेकॅनिकल हॅकमोर नावाच्या प्रकाराला पुन्हा त्याच तरफेच्या दांड्या असतात. पट्टी नाकाच्या खालच्या मऊ भागावर आली तर श्वास अडतो. आणि हलक्या हातात गुळगुळीत, बिनतरफेचा स्नॅफल बिट बऱ्याच घोड्यांना चालतो. माझं मत एवढंच : रोजच्या फेरीला आणि शिकाऊ बसणाऱ्याला म्होरकी, गर्दीत शिकलेल्या घोड्याला स्नॅफल, आणि काटेरी बिट कुणालाच नाही. कायदाही हेच सांगतो. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या केंद्राच्या १९६५ च्या नियमांनी काटेरी बिटाला बंदी केलेली आहे.

पण सगळा दोष मामांच्या माथी मारणं सोपं आहे. त्यांचं पोट घोडीवर आहे. घोडीच्या कानाशी डीजे लावणारे आपण, 'अजून नाचवा' म्हणून ओरडणारेही आपणच. भीती आपण निर्माण करायची आणि ती आवरायला त्यांनी काटे वापरायचे!

तेव्हा पुढच्या वरातीला घोडी ठरवताना दोन गोष्टी करा. आधी तिच्या तोंडात काय आहे ते बघा, आणि डीजे पन्नास पावलं लांब ठेवा. नवरदेव उशिरा पोहोचला तरी चालेल. आपली सबमिशन्स तरी कुठे वेळेवर होतात?