फॉरमॅट मारायच्या आधी एरर तर वाचा!

उबंटू २०.०४ काढून २२.०४ टाकलं आणि अर्दुइनो आयडीई उघडेना. डबल क्लिक केलं तरी स्क्रीनवर काहीच नाही. मग होस्टेलवरचा ठरलेला सल्ला येतो, ‘सोड ना भाऊ, फॉरमॅट मार.’ नांदेड असो की लातूर, हा सल्ला फुकट मिळतो. त्यात प्रोजेक्टचा फोल्डर गेला, तर तो मात्र आपला जातो.

त्यापेक्षा तेच ॲप टर्मिनलमधून चालवून बघा. तिथं सरळ लिहून येतं, लिबफ्यूज.एसओ.२ सापडत नाही. दुखणं एवढंच. अर्दुइनो आयडीई २ लिनक्सवर ॲपइमेज म्हणून मिळतो. ॲपइमेज म्हणजे घरून भरून आणलेला डबा, जवळपास सगळं आतच असतं. पण तो उघडायला सिस्टिममधली एक लायब्ररी लागते (पुस्तकांची नाही, अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो तयार कोड), ती म्हणजे लिबफ्यूजची दुसरी आवृत्ती. उबंटू २२.०४ सोबत येते तिसरी. म्हणजे ॲप ठणठणीत आहे, तुमचा कोडही जागेवर आहे. लिबफ्यूज२ हे पॅकेज टाकायचं, बस.

आता इथं घोळ होतो. ग्रुपवर कुणीतरी जुनी कमांड टाकतो, ‘फ्यूज’ इन्स्टॉल करा म्हणून. नाव जवळपास तेच. पण २२.०४ वर ते पॅकेज तिसऱ्या आवृत्तीला हटवून बसतं आणि तिच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत जाऊ शकतात. काय काय काढणार त्याची यादी सिस्टिम आधी दाखवते, विचारते, आणि आपण न वाचता ‘वाय’ दाबतो! २४.०४ मध्ये तर नावच लिबफ्यूज२टी६४ झालंय. त्यातलं ६४ हे १९ जानेवारी २०३८ ला ३२ बिटचं सेकंदांचं घड्याळ भरून वाहणार, त्याच्या तयारीतून आलंय. तिथं लिबफ्यूज टाकल्यावर सँडबॉक्सचा दुसरा एरर येऊ शकतो. तो वेगळा, त्याचा इलाज वेगळा.

लातूर पॅटर्ननं पोरांना डॉक्टर-इंजिनीअर केलं, ते मी नाकारत नाही. पण पुन्हा पुन्हा तेच प्रश्न सोडवायची ती सवय इथं कामाला येत नाही, कारण दर दोन वर्षांनी उबंटूची नवी एलटीएस येते आणि प्रश्नच बदलतो. पाठ केलेली कमांड जुनी होते, एरर वाचायची सवय होत नाही. आणि इंग्रजी बघून घाबरायचं कशाला? त्या ओळीत कामाचे शब्द दोनच, फाइलचं नाव आणि ‘नॉट फाउंड’ किंवा तसलंच काही.

माझं तर म्हणणं आहे, प्रॅक्टिकलला दहा मार्कांसाठी एक मुद्दाम बिघडवलेलं मशीन ठेवा. एक लायब्ररी काढून ठेवायला सरांना मिनिटभरही लागणार नाही.