दिवा विझवावा कीं दोष शोधावा?

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला, व तो चांगला तीन दिवस चालला. कारण पाहूं गेल्यास क्षुल्लक. घरच्या मोटारीचा हॉर्न कधीं वाजे, कधीं न वाजे, आणि चालकासमोरील फलकावर एक तांबडा दिवा सारखा पेटलेला राही. बसलेला मनुष्य व त्याच्या पुढ्यांत एक गोळा, असें त्या दिव्यावरील चित्र असतें. पुढच्याच आठवड्यांत सूनबाई, दोन नातवंडें व आमच्या वहिनी यांना घेऊन चिरंजीवांना कुलधर्मासाठीं खंबाटकीचा घाट उतरून वाईस जावयाचें होतें.

धाकटा पुतण्या गाडी एका दुरुस्तीवाल्यास दाखवून आला व म्हणाला, "काका, स्टिअरिंगमधला भाग नवा घालायचा तर खर्च मोठा आहे. पण तो मनुष्य म्हणतो, आंत एक बारीकसा तुकडा जोडला कीं दिवा विझतो. हॉर्नसाठीं वेगळें बटण बसवून देतो." आमच्या थोरल्या बंधूंना ही युक्ति तत्काळ पटली. तेवढ्यांत सूनबाई पानें मांडतां मांडतां म्हणाल्या, "मामंजी, दिवा विझेल हें खरें, पण उद्यां अपघात झाला तर ती पिशवी उघडेल ना?"

या प्रश्नाचें उत्तर त्या वेळीं आमच्यापैकीं कोणासही देतां आलें नाहीं. तें शोधतांना जें आम्हांस कळलें, तें आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्टिअरिंगचें चक्र ज्या खांबावर बसविलेलें असतें, त्या खांबाभोंवतीं विजेचा एक लहानसा संसारच थाटलेला असतो. किल्लीचा स्विच तेथें. दिवे, वळणाची खूण व कांच पुसण्याचा दांडा यांचे स्विच तेथें. आणि चक्राच्या पोटांत हॉर्नचें बटण व हवेची पिशवी. आतां अडचण अशी कीं, चक्र फिरतें आणि खांबाचें वेष्टन स्थिर असतें. फिरत्या वस्तूपर्यंत तार न्यावी कशी? जुन्या गाड्यांत पितळी कडें व त्यावर घासणारी पट्टी एवढ्यावर भागत असे. हॉर्न क्षणभर न वाजला तरी कोणाचें मोठें बिघडत नसे. परंतु पिशवीला क्षणाचाही खंड चालत नाहीं. ती पापणी लवण्याच्या आंत फुगावी लागते. म्हणून घड्याळांतील कमानीप्रमाणें गुंडाळलेली एक चपटी, तारांची पट्टी गोल डबींत घालून चक्राखालीं बसवितात. चक्र उजवीकडे फिरलें कीं ती आवळते, डावीकडे फिरलें कीं सैल होते, अथवा याच्या उलट. कारागीर तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात. हॉर्न, चक्रावरील इतर बटणें व पिशवी यांच्या तारा या एकाच पट्टींतून जातात. वर्षानुवर्षें वळून वळून ती एखाद्या ठिकाणीं तुटते, आणि मग आमच्या घरीं झाला तसा वाद सुरू होतो.

आतां दोष नेमका कोठें, हें ठरवावें कसें? आमच्या तरुणपणीं न्यायशास्त्राचा थोडा परिचय झाला होता, तो येथें उपयोगी पडला. कारण असतां कार्य असणें हा अन्वय, व कारण नसतां कार्य नसणें हा व्यतिरेक. दोन्ही पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये.

प्रथम गाडीच्या पुस्तकांत पाहून हॉर्नचा फ्यूज तपासला. तो शाबूत होता. नंतर नातवास हॉर्नचें बटण दाबावयास बसविलें व आम्ही रिलेच्या पेटीजवळ कान लावला. बटण दाबतांच रिले "टक्" असा आवाज करतो. टक् ऐकूं येऊनही हॉर्न गप्प असेल, तर दोष रिलेच्या पुढें, म्हणजे त्याच्या आंतील जोडांत, हॉर्नकडे जाणाऱ्या तारेंत किंवा खुद्द हॉर्नमध्यें. टक्च नसेल, तर दोष रिलेंत किंवा त्याच्या मागें, चक्राच्या बाजूस. एवढ्या एका परीक्षेनें निम्मे संशयित निर्दोष सुटतात.

मग गाडी मोकळ्या जागीं उभी करून, चक्र हळूहळू एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवीत जागोजाग बटण दाबून पाहिलें. चाकें सरळ असतां टक् होई व हॉर्न वाजे. चक्र उजवीकडे पुरें वळलें कीं दोन्ही बंद. रिले व हॉर्न तर तेच; बदलली ती केवळ चक्राची दिशा. शिवाय ज्या ठिकाणीं हॉर्न मुका होई, त्याच ठिकाणीं चक्रावरील रेडिओचीं बटणेंही निकामी होत. दोन कार्यांना दोन स्वतंत्र कारणें कल्पिण्यापेक्षां दोहोंना साधारण असें एक कारण मानावें, यास नैयायिक लाघव म्हणतात. दोहोंना साधारण होती ती चपटी पट्टी.

येथपर्यंतची परीक्षा गृहस्थानें स्वतः करण्यास हरकत नाहीं. यापुढें मात्र हात आवरावा. पिशवीच्या मागें स्फोटक द्रव्याची कुपी असते. साधा मीटर तिच्या तारांस लावल्यास त्या मीटरच्याच विजेनें ती उडण्याचा संभव असतो. बॅटरीची तार काढली म्हणजे धोका तत्काळ टळला, असेंही नाहीं. टक्करींत बॅटरी तुटली तरी पिशवी उघडावी म्हणून यंत्रांत थोडी वीज सांठविलेली असते. ती ओसरेपर्यंत पुस्तकांत सांगितलेला अवधि थांबावें लागतें. म्हणून पुढील काम आम्हीं एका जाणत्या कारागिराकडे सोंपविलें. त्यानें गाडीच्या यंत्रास दोष वाचण्याचें साधन जोडलें. चालकाच्या पिशवीच्या मार्गांत अडथळा आहे, असेंच त्यांतही दिसलें.

आतां त्या स्वस्त तुकड्याविषयीं. गाडीचें यंत्र पिशवीच्या मार्गांतून किंचित् वीज सोडून तिचा विरोध मोजीत असतें. तो ठरल्याप्रमाणें न आढळल्यास दिवा पेटवितें. दुरुस्तीवाला जो तुकडा जोडणार होता, तो तेवढाच विरोध दाखविणारा. यंत्र फसतें, दिवा विझतो. आणि टक्कर झाल्यावर वीज पिशवीकडे न जातां त्या तुकड्यांत जाऊन जिरते. सूनबाईंच्या प्रश्नाचें उत्तर "नाहीं" असें होतें. साक्षीदाराचें तोंड बांधल्यानें गुन्हा नाहींसा होत नाहीं, एवढें शहाणपण आम्हांस बैठकींत सुचलें नव्हतें; तें स्वयंपाकघरांतून आलें. आपल्या देशांत १ जुलै २०१९ पासून तयार होणाऱ्या मोटारींत चालकासाठीं ही पिशवी सक्तीची झाली आहे. पण कायदा पिशवी बसवून देईल. ती जागती ठेवणें घरच्यांच्याच हातीं.

वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली वाहन-संशोधनाची मोठी संस्था ज्या पुण्यांत आहे, तेथील लोकांस हें सांगावें लागूं नये. तथापि ज्यांचा हा व्यवसायच, तेही चुकतात. अमेरिकेंतील जनरल मोटर्स कंपनीच्या कांहीं गाड्यांत किल्लीचा स्विच इतका ढिला होता कीं, जड जुडग्याच्या भारानें किंवा धक्क्यानें तो चालत्या गाडींत फिरे. इंजिन बंद पडे व पिशव्याही निकामी होत. २००६ सालीं तो भाग सुधारण्यांत आला, पण त्याचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला. त्यामुळें जुन्या गाड्यांत दोष व नव्यांत नाहीं, याचें कारण शोधणाऱ्यांस उमगेना. अखेर जुना व नवा स्विच शेजारीं शेजारीं उघडून पाहिल्यावर भेद कळला. २०१४ सालीं सुमारें २६ लक्ष गाड्या परत बोलाविण्यांत आल्या, आणि कंपनीच्या भरपाई-निधीनें १२४ मृत्यूंचा संबंध या दोषाशीं मान्य केला. व्यतिरेक लपविला म्हणजे काय होतें, याचें याहून दुःखद उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं. हें वाचल्यावर आमच्याही मोटारीच्या किल्लीस लटकणाऱ्या कपाटाच्या, वाड्याच्या दिंडीच्या व कोठीच्या किल्ल्या आम्हीं निराळ्या केल्या.

पट्टी नवी बसविली. बसवितांना चाकें सरळ व पट्टी बरोबर मध्यावर असावी लागते, नाहीं तर पहिल्याच पुऱ्या वळणाला ती तुटते. कारागिरानें तें आमच्या देखत केलें. वाईस जाणें दोन दिवस लांबलें. थोरले बंधु खर्चाचा आंकडा ऐकून कांहीं वेळ बोलले नाहींत; मग म्हणाले, "पावती नीट ठेव."

जुनी गाडी घेणाऱ्यांनीं एक गोष्ट अवश्य पहावी. किल्ली फिरवितांच तो दिवा कांहीं क्षण पेटून विझला पाहिजे. पेटलेलाच राहिला तर दोष आहे. मुळींच पेटला नाहीं तर संशय अधिक. आणि तो यथायोग्य पेटून विझला, तरी मागील दुरुस्तीच्या पावत्या मागाव्या, कारण फसलेलें यंत्रही असेंच वागतें. हल्लीं आमची नात गाडींत बसली कीं प्रथम त्या फलकाकडे पाहते. "आजोबा, पेटला... विझला!" असें तिनें सांगितल्याशिवाय आमची गाडी फाटकाबाहेर पडत नाहीं.