खंडेराव मार्केटमध्ये न मिळणारा कागद

गेल्या वर्षभरात मंडळाकडे एकाच प्रकारची विचारणा पुन्हा पुन्हा आली. विचारणारे वेगवेगळे, प्रश्न मात्र तोच: "घटस्फोटाचा दाखला खंडेराव मार्केटमध्येच मिळतो ना?" विचारताना आवाज थोडा खाली येतो आणि "आमच्या ओळखीतल्या एकांसाठी हवा आहे" अशी पुस्तीही बहुतेक वेळा जोडलेली असते. आम्हीही ती पुस्ती तशीच मान्य करतो.

प्रश्न वेडगळ नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यकारभाराला पंचवीस वर्षे झाली त्या निमित्ताने १९०६ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि खंडेराव महाराजांचे नाव तिला मिळाले. मागे भाजी-फळांचा बाजार आणि पुढे महानगरपालिका, हे दृश्य आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. घरात मूल झाले, कोणी गेले, लग्न झाले, की नोंद महानगरपालिकेकडे. मग लग्न मोडले त्याचीही नोंद तिथेच असणार, असे कोणालाही वाटेल. आम्हालाही वाटले होते. ओळखीतल्या एका काकूंसाठी आम्ही स्वतः त्या कमानींखालून आत गेलो आणि "ए तो कोर्टमां" हे उत्तर घेऊन बाहेर आलो. उत्तर बरोबरच होते.

बहुतेक भारतात घटस्फोटाची नोंदवही नाही, हे लोकांना ठाऊक नसते. जन्म-मृत्यूसाठी १९६९ चा कायदा आहे. लग्नाच्या नोंदणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये राज्यांना आदेश दिला आणि त्याच वर्षी गुजरातने आपला विवाह नोंदणी कायदा केला. घटस्फोटासाठी मात्र अशी वही उघडलीच गेली नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हाच पुरावा, आणि तो असतो एका दाव्याच्या फाइलमध्ये, एका नंबराखाली. नंबर हरवला की पुढचे सगळेच अवघड होऊन बसते.

अमेरिकेत घटस्फोट मंजूर करणाऱ्या कौंटीच्या न्यायालयाचा क्लार्क ते दप्तर ठेवतो, आणि बऱ्याच राज्यांत राज्याच्या नोंदणी खात्याकडून एका पानाचा दाखलाही मिळतो. त्यामुळे तिकडे गेलेल्या मुलांना फॉर्ममध्ये 'आधीचा विवाह संपल्याचा पुरावा' हा रकाना दिसला की ती इथे फोन करतात: "आई, ते सर्टिफिकेट पाठव." आईकडे सर्टिफिकेट नसते, कारण तसे काही निघतच नाही. गोव्याची गोष्ट निराळी. तिथे पोर्तुगीज काळापासूनची नागरी नोंदणी चालते आणि न्यायालयाने विवाह मोडला की मूळ विवाहनोंदीवर तसा शेरा पडतो. आपल्याकडच्या लग्नाच्या वहीत पुढे काय झाले ते कोणी लिहीत नाही. तीस वर्षांपूर्वी मोडलेले लग्न त्या वहीत आजही अखंड असते.

खरे तर या शहराला या विषयात मागे राहण्याचे कारण नव्हते. बडोदा संस्थानाने १९३१ मध्येच हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई इलाख्यात तो १९४७ मध्ये आला आणि देशभरासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. म्हणजे आपल्या आजी-पणजीला जो हक्क इथे मिळाला, तो पुण्या-मुंबईतल्या त्यांच्या बहिणींना मिळायला आणखी सोळा वर्षे लागली. कायद्याचा अभिमान आपण समारंभांतून सांगतो. त्या कायद्याने बाहेर पडलेल्या बायका घरोघरच्या आठवणीत मात्र सापडत नाहीत. त्यांचे कागदही सापडत नाहीत, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे आम्हाला वाटते.

कारण कागद मुळात दिला जातो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३ मधील चौथे पोटकलम सांगते की घटस्फोट मंजूर करणाऱ्या न्यायालयाने हुकूमनाम्याची एक-एक प्रत दोन्ही पक्षांना विनामूल्य द्यावी. म्हणजे प्रत्येक घरात एक प्रत यायला हवी होती. आली तिचे काय झाले? काकूंच्या बाबतीत त्यांच्या वडिलांनी ती फाडली. "आता हा विषय घरात नको," असे म्हणून. त्यांनी रागाने केले असे काकू म्हणत नाहीत, मायेनेच केले म्हणतात. मुलीला पुन्हा त्या कागदाकडे बघावे लागू नये, एवढाच हेतू. तेव्हा काकू एकोणतीस वर्षांच्या होत्या. आज त्या पासष्टीच्या पुढे आहेत आणि त्यांना वडिलांच्या मागे मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी तोच कागद लागतो आहे.

निवृत्तिवेतनाचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण आपल्या समाजात रेल्वेत आणि केंद्राच्या इतर खात्यांत नोकरी केलेली घरे पुष्कळ आहेत. केंद्राच्या नियमांप्रमाणे, पात्रतेच्या इतर अटी पूर्ण होत असतील तर घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. पूर्वी अडचण अशी होती की आई-वडील हयात असताना दावा दाखल झाला, पण हुकूमनामा त्यांच्या मृत्यूनंतर आला, तर काय? जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ते सोपे केले: दावा पालकांच्या हयातीत दाखल झालेला असेल तर चालते. म्हणून अशा प्रकरणात हुकूमनाम्याची तारीख पुरत नाही, दावा कधी दाखल झाला तेही कागदावर दिसावे लागते. प्रत मागताना ही तारीख तीत येते आहे ना, हे पाहून घ्यावे.

आता शोध कुठे घ्यायचा. पहिला प्रश्न शहराचा. आपल्या मुलींची स्थळे पुणे, मुंबई, नाशिक, इंदूर, ग्वाल्हेर अशी विखुरलेली. दावा कुठे चालला हे घरच्यांना आठवत नाही, किंवा "तिकडेच काहीतरी झालं" एवढेच आठवते. इथे कायदा थोडी मदत करतो. दावा लग्न जिथे लागले तिथे, जिथे जोडपे शेवटी एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा पक्ष राहतो तिथे दाखल करता येतो. पत्नी जिथे राहते तिथे तिला दावा करता यावा ही सोय २००३ मध्ये आली. म्हणजे त्यापूर्वी माहेरी परतलेल्या मुलीला केवळ माहेरी राहते म्हणून बडोद्यात दावा लावता येत नव्हता. मात्र लग्न मुलीकडे लावण्याची आपली रीत असल्यामुळे, लग्न बडोद्यात लागले या आधारावर तो लावता येत असे. त्यामुळे जुन्या प्रकरणात लग्नाची पत्रिका सापडली तर ती आधी बघावी. कार्यालयाचे नाव वाचून न्यायालयाचा अंदाज येतो.

बडोद्यातला दावा असेल तर पिढीप्रमाणे इमारत बदलते. सुरसागरसमोरचे न्यायमंदिर १८९६ चे. महाराजांच्या पहिल्या राणी चिमणाबाईंचे नाव त्याला आहे आणि तिथे जिल्हा न्यायालय २०१८ पर्यंत भरत असे. आता न्यायालये दिवाळीपुऱ्याच्या नव्या संकुलात आहेत. कुटुंब न्यायालये १९८४ च्या कायद्याने यायला लागली, त्याआधीचे दावे नेहमीच्या दिवाणी न्यायालयांतले. तेव्हा वडीलधारे "न्यायमंदिरात झालं होतं" म्हणाले तरी आज तिथे जाऊन उपयोग नाही, अर्ज दिवाळीपुऱ्यालाच करावा लागतो.

दावा अलीकडचा असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकून सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक मिळू शकतो. हुकूमनामा स्वतः तिथे दिसेलच असे नाही. वैवाहिक दाव्यांची सुनावणी बंद दरवाजाआड होते आणि तिचा तपशील छापण्यावर कलम २२ ने निर्बंध आहे. ते योग्यच आहे. आपल्याला तिथून हवा असतो तो फक्त नंबर.

नावाने शोधताना आपल्या लोकांची एक खास फजिती होते. गुजरातीत चाललेल्या दाव्यात सुनंदाची सुनंदाबेन होते, वसंतरावांचे वसंतभाई होतात, आडनाव पुढे येते, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये गायकवाडांचे तीन-चार प्रकार आढळतात. शिवाय मुलीचे नाव माहेरच्या आडनावाने आहे की सासरच्या, हाही प्रश्न. काकूंचे नाव आम्ही पाच तऱ्हांनी शोधले. सापडले नाहीच, कारण इतका जुना दावा संगणकात नव्हता. शेवटी नंबर मिळाला तो एका जुन्या पोटगीच्या पावतीवर, पाठीमागे पेन्सिलीने लिहिलेला. वकिलांची डायरी, वकीलपत्राची प्रत, बँकेत नाव बदलताना दिलेला अर्ज, अशा ठिकाणी नंबर दडलेला असतो. काहीच मिळाले नाही तर वर्षाच्या अंदाजाने जुनी रजिस्टरे पाहण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो हे धरूनच चालावे.

नंबर मिळाल्यावर नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज, कोर्ट फीचा स्टॅम्प, ओळखपत्र. अर्ज स्वतः पक्षकाराने केला तर सोपे. मुलाने किंवा भाच्याने केला तर कारण आणि अधिकारपत्र द्यावे लागते. 'निकालपत्र' आणि 'हुकूमनामा' हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागावेत. परस्परसंमतीच्या प्रकरणात आणखी एक घोटाळा आम्ही पाहिला आहे. त्यात अर्ज दोन टप्प्यांत चालतो, आणि काही घरांत पहिल्या टप्प्याचा आदेशच हुकूमनामा समजून जपून ठेवलेला असतो. तो घटस्फोट नव्हे. परदेशासाठी कागद हवा असेल तर गुजरातीचे इंग्रजी भाषांतर, राज्याच्या खात्याचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल. कॅनडानेही जानेवारी २०२४ पासून अपोस्टिल स्वीकारल्यामुळे तिकडच्या मुलांचा एक हेलपाटा वाचला आहे.

आणि ज्यांचा दावाच झाला नाही त्यांचे काय? पंचांसमोर फारकत किंवा स्टॅम्प पेपरवर काडीमोड, असे प्रकार आपल्याही काही जातींत होते. कलम २९ ने रूढीतला घटस्फोट मान्य ठेवला आहे, पण ती रूढी खरोखर आहे हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या एका निकालात स्पष्ट केले. नोटरीचा शिक्का असला की झाले, असे समजणाऱ्यांनी दुसऱ्या लग्नाआधी वकिलाला जरूर विचारावे.

या सगळ्यात आजची बातमी कुठे येते? उत्तराखंडमध्ये २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि तिथे लग्नाप्रमाणे घटस्फोटाचीही नोंदणी सक्तीची झाली. लगेच फेब्रुवारीत गुजरात सरकारने निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली अशाच कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. या कायद्याबद्दल मंडळातही दोन मते आहेत, ती असू द्यात. घटस्फोटाच्या वहीपुरते मात्र आमचे म्हणणे ठरलेले आहे. अशी वही हवी. काकूंसारख्या बाईला पेन्सिलीच्या अक्षरांवर अवलंबून राहावे लागू नये. पण ती वही पाहणार कोण, हे आधी ठरावे. नाव टाकले की शेजाऱ्याला, स्थळ बघणाऱ्याला किंवा पतपेढीच्या माणसाला नोंद दिसणार असेल, तर ज्या लाजेने लोकांनी कागद फाडले त्याच लाजेने लोक नोंदणीही टाळतील. नोंद पक्षकारांनाच मिळावी, आणि इतरांना न्यायालयाच्या परवानगीने. दुसरे म्हणजे, ही वही नव्या घटस्फोटांपुरती ठेवू नये. जुन्या हुकूमनाम्यांची नोंद पुढे येऊन करण्याची मुभा हवी आणि त्यासाठी उशिराचा दंड नसावा. साठ-सत्तरीतल्या बायकांना खरी गरज आहे ती इथेच.

काकूंची प्रमाणित प्रत आली तेव्हा आम्ही बरोबर होतो. चार पाने, गुजरातीत, नावापुढे 'बेन'. त्यांनी तिथेच बाकावर बसून चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून सगळी वाचली. छत्तीस वर्षांपूर्वी त्यांना ती कोणी वाचायला दिलीच नव्हती. मग म्हणाल्या, झेरॉक्स पाच काढा, एक माझ्याकडे राहील.