गाडी खोलून गाडी घडवणारे

घरातल्या पोराने गजराचे घड्याळ खोलून ठेवले की आपला हात आधी त्याच्या पाठीवर पडतो. जपानात तर एका कारखानदाराने चक्क मोटार विकत घेऊन खोलली, आणि तीही पोर्श! कशासाठी? तर तिची हातभर लांबीची प्रतिकृती करण्यासाठी.

शिझुओका शहरातला हा तामिया कारखाना. १९४६ साली सुरू झाला तेव्हा ती लाकूड कापायची गिरणी होती. पुढे लाकडी जहाजे-विमाने जुळवायचे संच आले आणि १९६० पासून प्लॅस्टिकचे. मोटार खोलणारे गृहस्थ म्हणजे संस्थापकांचे चिरंजीव शुनसाकु तामिया. ते २०२५ साली वारले.

पोर्श ९३४ चा त्यांचा नमुना १९७६ साली बाजारात आला. निव्वळ फोटोंवरून बाहेरचा आकार जमतो हो, पण स्प्रिंग कुठे बसते, स्टिअरिंगचा दांडा चाकाला कसा वळवतो, हे फोटो सांगत नाही. पाठीमागच्या इंजिनात सहा सिलिंडर, तीन डावीकडे नि तीन उजवीकडे, आडवे निजलेले. ते पाण्यावर नव्हे, पंख्याच्या हवेवर थंड होते. म्हणून गाडी खोलून एकेक भाग पाहिला, मापला. गंमत अशी की परत जोडायला मात्र पोर्शच्या जाणकारांना बोलवावे लागले!

प्रमाण होते बारावा हिस्सा. म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट तो नमुन्याचा एक इंच. हिशेब सोपा वाटतो ना? पण वजन बारावा हिस्सा होत नाही बरे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १७२८ ने भागायचे. सुमारे ११२० किलोची ती गाडी त्याच धातूत घडवली तर साडेसहाशे ग्रॅमच भरेल. पत्र्याचेही तेच. मिलिमीटरभर जाडीचा बारावा हिस्सा म्हणजे कागद! प्लॅस्टिक इतके पातळ ओतता येत नाही. म्हणून हौशी लोक डोळ्यांना दिसणारी कडाच तेवढी तासून बारीक करतात. आमच्या मते खरी अक्कल इथेच लागते.

तेव्हा घड्याळ खोललेल्या पोराला एवढेच विचारा, "कोणता भाग कुठून निघाला, ते लिहून ठेवलेस का?" नसेल, तर वही द्या.

आणि सुरुवातीला मोटार कशाला हवी? बैलगाडी मापायला सांगा. चाक पाच फुटी असेल तर नमुन्यात पाच इंची. आरे मोजून तितकेच. आखावर तुंबा सैल फिरला पाहिजे, नाहीतर चाक अडते. लोखंडी धाव अर्धा इंच जाड असेल तर नमुन्यात ती साधारण एक मिलिमीटर येते. जुन्या डब्याचा पत्रा त्याहून पातळ असतो, म्हणून त्याच्या पट्टीचे काही वेढे द्यावे लागतील.