कीचक कोणीं मारला?

वऱ्हाडांतील सुशिक्षित कुटुंबें चिखलदऱ्यास गेलीं म्हणजे मुलांना भीमकुंड दाखविल्यावांचून सहसा परतत नाहींत. भीमानें कीचकास मारून येथल्या दरींत फेकून दिलें, कुंडांत स्नान केलें, आणि 'कीचकदरा' या नांवाचाच पुढें 'चिखलदरा' झाला, ही तेथील लोककथा सर्वांस ठाऊक आहे. कीचक कोणीं मारला, असें विचारतांच मुलें एका सुरांत भीमाचें नांव घेतात. हें कोठें वाचलें म्हणून विचारल्यास चित्रकथेचें नांव सांगतात. आणि आपल्या घरांत महाभारत आलें, असें आईबापांस समाधान वाटतें. हें समाधान खोटें आहे व अपायकारकही आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चित्रकथेच्या कर्त्यांचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतु नाहीं. अभिजात ग्रंथ चित्रांच्या चौकटींत बसविण्याचा उद्योग अमेरिकेंत १९४१ सालीं आल्बर्ट कँटर यांनीं ड्यूमाच्या 'थ्री मस्केटीअर्स'पासून आरंभिला. आपल्याकडे १९६७ सालीं अनंत पै यांनीं 'अमर चित्र कथा' काढली. दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेंत मुलांना ग्रीक पुराणांतील उत्तरें आलीं, पण रामाच्या आईचें नांव सांगतां आलें नाहीं, हें पाहून पैंना ही कल्पना सुचली, असें सांगितलें जातें. १९८५ पासून त्यांच्या मालेनें महाभारत ४२ भागांत आणलें. त्यांतील बहुतेक चित्रें दिलीप कदम यांच्या कसलेल्या हातचीं आहेत. एवढा खटाटोप केवळ नफ्यासाठीं कोणी करीत नाहीं. परंतु नांव न येणें हाच रोग मानला, म्हणजे नांव पाठ होणें हाच उपचार ठरतो. प्रश्नमंजूषेंतून जन्मलेलें ज्ञान प्रश्नमंजूषेच्याच कामीं येतें.

आतां मूळ विराटपर्व उघडून पाहावें. सैरंध्री होऊन राहिलेली द्रौपदी कीचकाच्या हातून सुटून भर राजसभेंत धांवत येते. तेथें तो तिला लाथ मारतो. ती न्याय मागते. राजा विराट म्हणतो, तुमचें भांडण माझ्या पाठीमागें झालें, मी काय निवाडा करूं? सभासद तिची वाहवा करतात, पण जागचा कोणी हालत नाहीं. आणि 'कंक' नांवानें बसलेला धर्मराज भीमास आवरून तिलाच सुनावतो कीं, तुला वेळकाळ कळत नाहीं, नटीसारखी रडतेस आणि सभेंतील द्यूतांत विघ्न आणतेस. ज्या फांशांनीं तिला एकदां सभेंत ओढलें, त्याच फांशांचा खेळ मोडतो म्हणून तिनें गप्प बसावयाचें! रात्रीं ती पाकशाळेंत भीमापाशीं जाते आणि कित्येक अध्याय नुसती बोलत राहते. चंदन उगाळून घट्टे पडलेले हात ती त्याला दाखविते, आणि तो महाबली ते हात तोंडावर धरून रडतो. अज्ञातवास फुटला तर पुन्हां बारा वर्षें वनवास. म्हणून आणखी अर्धा महिना सोस, असें तो विनवितो. उद्यांच्या सूर्योदयीं कीचक जिवंत असेल तर मी विष घेईन, असें ती निक्षून सांगते. तेव्हां कोठें भीम सिद्ध होतो.

कीचकाचा वध हा या कथेचा शेवट आहे, गाभा नव्हे. भरल्या सभेनें न्याय नाकारला म्हणजे एका स्त्रीनें काय करावें, आणि प्रतिज्ञा थोर कीं पत्नीची अब्रू थोर, हा तिचा गाभा. चित्राच्या चौकटीस मुष्टिप्रहार सोपा जातो. धर्मराजाच्या उत्तरास तेथें एखादी चौकट मिळेलही. पण त्या उत्तराचें ओझें तींत मावत नाहीं, आणि कित्येक अध्यायांचा विलाप फुग्यांतल्या दोन वाक्यांवर येतो. हा चित्रकाराचा दोष नव्हे, साधनाचा स्वभाव आहे. मात्र त्यामुळें न्यायाचा प्रश्न नाहींसा होऊन कुस्ती तेवढी उरते.

मग मूळ ग्रंथास कोणीं हातच लावूं नये काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. मुक्तेश्वरानें विराटपर्व ओवींत आणलें. खाडिलकरांनीं १९०७ सालीं 'कीचकवध' रंगभूमीवर आणलें, आणि कीचकाच्या वेषांत प्रेक्षकांस कर्झनसाहेब दिसूं लागल्यामुळें १९१० सालीं सरकारनें त्या नाटकावर बंदी घातली. कोंकणांतील पिंगुळीचे चित्रकथीही चित्रेंच दाखवितात. पण तेथें चित्र मुकें राहतें आणि कथेकरी बोलतो, गातो, म्हणून शब्दास आंखडावें लागत नाहीं. चिखलदऱ्याची दंतकथा तरी व्यासांत कोठें आहे? विराटाचें मत्स्यराज्य राजस्थानांतील बैराटकडे मानतात, आणि मुळांत कीचक नर्तनशाळेंत मरतो. तरी त्या दंतकथेस आम्ही हंसत नाहीं. वऱ्हाडच्या माणसानें तिच्या रूपानें आपला एक डोंगर महाभारतास वाहिला आहे. खरें रूपांतर मुळांत भर घालतें. चित्रकथा वजाबाकी करते.

"निदान मुलें कांहीं वाचतात तरी, ही पहिली पायरी आहे," असें उत्तर नेहमीं मिळतें. पायरी आम्हांस मान्य आहे. दुसरी कोठें आहे? ज्या १९६७ सालीं 'अमर चित्र कथा' निघाली, त्याच सालीं इरावती कर्वे यांचें 'युगान्त' मराठींत प्रसिद्ध झालें. चित्रकथांच्या संचाशेजारीं तें पुस्तक, किंवा विराटपर्वाचें एखादें सबंध भाषांतर, किती घरांत आढळेल, हें वाचकांनींच आपल्या कपाटांत पाहावें. जो घांस आठव्या वर्षीं भरविला, त्यावरच अठराव्या वर्षींही मुलास ठेवणें ही माया नव्हे, उपासमार आहे. चित्रकथा खुशाल आणाव्या. पण त्यांतील पान मिटल्यावर द्रौपदी सभेंत काय म्हणाली, तें आईनें किंवा बापानें मूळांतून मोठ्यानें वाचून दाखवावें. आणि "कीचक कोणीं मारला?" असें न विचारतां, सभा भरलेली असतां तिला मध्यरात्रीं पाकशाळेंत कां जावें लागलें, असें मुलांस विचारावें. त्याचें उत्तर कोणत्याही चौकटींत नाहीं. तें आपण द्यावयाचें आहे.