रिकामी टाकी आणि खोटी काटकसर

व्यापारी बंधूंनो, काटा शून्याला टेकेपर्यंत मोटार चालविणे ही काटकसर नव्हे. आजच्या बहुतेक पेट्रोल मोटारींत इंधनाचा विद्युत पंप टाकीतच बुडालेला असतो. सभोवतालचे पेट्रोलच त्यास थंड ठेवते. टाकी वारंवार रिकामी राहिल्यास तो तापून लवकर झिजतो. म्हणून निदान पाव टाकी पेट्रोल सदैव असावे. गाळणी तुंबल्यासही पंपावर भार पडतो.

किल्ली फिरविताच बहुधा त्याची मंद घरघर ऐकू येते. ती न आल्यास प्रथम फ्यूज व रिले तपासून घ्यावेत. एकदम पंपच बदलणे म्हणजे तराजूचा दोष धान्याच्या माथी मारणे होय. नळी मात्र स्वतः सोडू नये. आतील पेट्रोल दाबाखाली असते, आगीचे भय असते.

भर पावसात चोर्ला घाटात मुलाबाळांसह अडकल्यावर वाचविलेल्या चार पैशांचा हिशेब कोणास सुचणार?